टॉवेलाखालचा हात

इथले अनुभव मी बरीच वर्षं गुपचूप वाचतो. खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचायचो. कुणाला चिंचेखाली बाई दिसते, कुणाला वळणावर म्हातारा लिफ्ट मागतो... बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि म्हणायचो, या सगळ्यांची एकदा शुगर तपासा. आता माझी पाळी आली आहे. हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी परभणीत एका खाजगी हार्टच्या दवाखान्यात आयसीयूचा ब्रदर आहे. आडनाव सांगत नाही, दवाखान्याचं नावही नाही. बारा वर्षं झाली. मरताना माणूस कसा दिसतो हे मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय, आणि तिथं मला कधी आत्मा-बित्मा दिसला नाही. मॉनिटरवरची रेघ दिसते. ती वाकडी झाली की पळायचं, आडवी झाली की आणखी जोरात पळायचं. एवढाच माझा धर्म.

आणि हो, माझं डोकं लवकर फिरतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते त्यामुळेच झालं.

गेल्या वर्षी हळद शिजवायच्या दिवसांत माझ्या थोरल्या भावाला, माणिकदादाला, अटॅक आला. आमचं गाव ताडकळसजवळ. सकाळी कढईपाशी उभा होता, छातीत कळ आली आणि तिथंच बसला. वडील गेले तेव्हा मी आठवीत होतो. दादानं स्वतःची शाळा सोडली आणि मला नर्सिंगपर्यंत शिकवलं. तो दादा जीपच्या मागच्या सीटवर घामानं निथळत, राखेसारखा चेहरा घेऊन माझ्यासमोर आला. मीच सुई लावली, मीच गाठ विरघळवायचं इंजेक्शन सोडलं. तासाभरात ईसीजी सुधारला. दादा बेड नंबर चारवर स्थिर झाला.

आता थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. अटॅक ओसरला म्हणजे माणूस सुटला असं लोकांना वाटतं. तसं नसतं. हृदयाचा जो तुकडा दुखावलेला असतो, तिथून नंतर कधी कधी ठोक्याची लय बिघडते. हृदय नुसतं थरथरत राहतं, रक्त फेकत नाही. काही मिनिटांत शॉक मिळाला तर मिळाला, नाहीतर संपलं. हे कुणाला होईल याचा अंदाज बांधायला आमच्याकडे ईसीजी आहे, इको आहे, रक्ताचे रिपोर्ट आहेत. पण अंदाजच. पहिले दोन दिवस धोका जास्त, मग कमी होत जातो. म्हणून मी दादाच्या उशाशी बसून मॉनिटरकडे बघत दिवस मोजत होतो. मला फक्त माझा भाऊ घरी न्यायचा होता.

शेजारी बेड पाचवर गयाबाई म्हणून एक आजी होत्या, पाथरीकडच्या. त्यांनाही अटॅकच. त्यांचे मालक सखाराम, सत्तरीच्या पुढचे. धोतर, पांढरा शर्ट, खांद्यावर टॉवेल. आयुष्यभर बैलबाजारात हेडी होते, म्हणजे दलाल. भेटायची वेळ सकाळी अकराची. म्हातारा बरोब्बर अकराला यायचा, खांद्यावरचा टॉवेल बायकोच्या हातावर टाकायचा, त्याखाली तिचा हात धरायचा आणि डोळे मिटून अर्धा मिनिट उभा राहायचा. मग म्हणायचा, "बरी हाईस आज." की लगेच गावच्या गप्पा सुरू. सिस्टर लोक हसायच्या — काय प्रेम आहे बघा या वयात!

दादाच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बेड तीनवर गंगाखेडकडचे एक गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, होते. त्यांचा हात पलंगाखाली लोंबत होता. सखारामकाकांनी जाता जाता तो उचलून वर ठेवला. ठेवताना हातात टॉवेल होताच. ठेवला आणि तसेच थांबले. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "ब्रदर, ह्या मानसाकडं ध्यान ठिवा. उद्या हा टाइम काढंल असं वाटत न्हाई."

"काका, तुम्ही डॉक्टर का?" मी म्हणालो.

"न्हाई बाबा. आपलं सांगितलं."

मी मॉनिटर बघितला. ठोके नियमित, प्रेशर चांगलं, नाडी भरलेली. म्हाताऱ्याला हसून वाटेला लावलं. पण गुत्तेदाराच्या धाकट्या मुलानं ते बोलणं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला दहा मिनिटं कमी असताना गुत्तेदारांची लय गेली. चाळीस मिनिटं आम्ही तिघं आळीपाळीनं त्यांच्या छातीवर होतो. सात शॉक दिले. माणूस आला नाही. सरांनी, म्हणजे आमच्या डॉक्टरांनी, बाहेर जाऊन सांगितलं आणि पुढच्या मिनिटाला काच फुटली. त्यांची तीन मुलं, तिघंही दांडगी. एकानं सलाईनचा स्टँड उचलून माझ्या तोंडावर घातला, ओठ आतून फाटला. दुसऱ्यानं औषधांची ट्रॉली उलथवली. सिस्टर सगळ्या पडद्यामागं. इतक्यात धाकटा ओरडला, "त्या म्हाताऱ्यानं करणी केली! काल फडकं टाकून हात धरला हुता त्यानं!"

मग ती तिघंही आम्हाला सोडून व्हरांड्यात पळाली. सखारामकाका बाकावर बसून होते. त्यांना धोतराला धरून खाली ओढलं. पाठीत लाथा, पोटात लाथा. एकानं बूट घातलेला पाय तोंडावर मारला. म्हातारा हात जोडून "आवं ऐका, आवं ऐका" एवढंच म्हणत होता. मी मध्ये पडलो, मला दोन बसल्या, वॉचमन आला तेव्हा कुठे सुटका झाली. काकांची भुवई फाटून डोळ्यात रक्त उतरलं होतं.

ड्रेसिंग रूममध्ये मीच त्यांना धरून बसवलं, सरांनी टाके घातले. सर गेल्यावर मी विचारलं, "काका, तुम्हाला कळलं कसं?"

"आता कसं सांगावं..." म्हातारा थुंकीतलं रक्त पुसत म्हणाला. "पन्नास वर्सं बाजार केला. टॉवेलाखाली हात धरायचा आन् बोटं दाबून किंमत सांगायची. तोंडानं एक अक्षर बोलायचं न्हाई. गिऱ्हाइक बोटानं हाव म्हनतंय, पर सौदा मोडनाऱ्याचा हात येगळा लागतो. आतून मागं सरायलेला असतो. ह्यांचा तसा लागला. मानूस हितं हाय, हात निघालाय."

"कमजोर पल्स म्हणतात त्याला," मी म्हणालो. पण त्यांची नाडी मी स्वतः बघितली होती. कमजोर नव्हती.

"आसंल बाबा."

"हे बघा, इथं रोज भांडणं नको. बायकोचा हात धरा, दिवसभर धरा. पण दुसऱ्या कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही. शब्द द्या."

त्यांनी दिला. आणि पाळलाही, हे मला मान्य करावं लागेल.

पाचवा दिवस उजाडला. दादाचा इको चांगला, रिपोर्ट चांगले, चोवीस तासांच्या पट्टीवर एक ठोका इकडचा तिकडं नाही. सरांनी राउंडला दादाच्या पाठीवर थाप मारली आणि डिस्चार्ज लिहिला. वहिनींनी पहाटेच पिशवी भरून ठेवली होती. माझा आनंद मावत नव्हता. मी काउंटरवर कार्ड लिहीत होतो आणि दादा पलंगावर पाय सोडून शेजारच्या काकांना छेडत होता.

"काय हेडी, वळखलं का? माझी लालकंधारी जोडी तुमीच लावून दिली हुती."

"हाव की. लय गुनाची जोडी हुती," काका हसले.

"मंग आता माझी किंमत करा की. बगू तरी, किती येतेत माझे!"

"नको मानिकराव. तुमच्या भावानं सबद घेतलाय माज्याकडून."

"आवं संज्याचं काय ऐकता? त्याला कुटं बैलातलं कळतंय!" म्हणत दादानं स्वतःच म्हाताऱ्याच्या टॉवेलाखाली हात घातला.

मी मान वर केली तेव्हा म्हाताऱ्याच्या ओठांवर हसू तसंच होतं, पण डोळे थांबले होते. त्यांनी हात सोडला नाही. बराच वेळ सोडला नाही. दादाही हसायचा थांबला.

"मानिकराव," ते म्हणाले, "आज घरला जाऊ नका."

"कामून?"

"उद्याचा दिस हितंच काढा. ह्या तारा बी काढू नका आंगावरच्या."

माझं टाळकं सटकलं. काय सांगू... पाच दिवसांची जागरणं, तो गुत्तेदार, ती फुटलेली काच, फाटलेला ओठ, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी काउंटरवरून उडी मारूनच आलो म्हणा. म्हाताऱ्याची कॉलर धरली आणि एक ठेवून दिली. भुवईचे टाके उसवले. रक्त पांढऱ्या शर्टावर आलं. दुसरी दिली. "थेरड्या, माझ्या भावाचं मरण बघतोस? एकाला खाल्लंस, पोट भरलं नाही?" असलं काहीबाही मी ओरडत होतो. दादा "संज्या, सोड!" म्हणून ओरडत होता. मी म्हाताऱ्याला फरफटत दारापर्यंत नेलं आणि बाहेर ढकललं.

त्यांनी चौकट धरली. उजव्या हातानं.

"ब्रदर, मला मारा, पर त्यांला पाठवू न—"

आमच्या आयसीयूचं दार जाड आहे, जड आहे. चौकटीवर चार बोटं होती. मी हे आजवर फक्त बायकोला सांगितलंय, आता तुम्हाला सांगतो. मला ती बोटं दिसली होती. दिसली होती आणि मी दार ओढलं. सगळी ताकद लावून ओढलं.

कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा कडाका झाला. म्हातारा ओरडला नाही, नुसता खाली बसला. ओरडल्या त्या गयाबाई. अंगावरच्या वायरी ओढत पलंगावर उठून बसल्या आणि कपाळ बडवून घेत म्हणाल्या, "आरं काय केलंस रं मुडद्या! आता माजा हात कोन बगंल?"

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "मॉनिटर आहे ना आजी! तो बघतो!"

सर धावत आले. सगळ्यांसमोर मला झापलं, ड्रेस उतरव आणि घरी जा म्हणाले. काकांना समोरच्या हाडांच्या डॉक्टरकडं नेलं. तळहात आणि तीन बोटं मोडली होती. कोपरापर्यंत प्लॅस्टर. पोलिसात जा म्हणून लोकांनी सांगितलं तर म्हातारा म्हणाला, कशाला, भावाच्या मायेनं केलं पोरानं. गयाबाईंचाही डिस्चार्ज त्याच दिवशी होता. तसल्या हातानं बायकोला घेऊन तो दुपारच्या एसटीनं पाथरीकडं गेला.

आमच्या वहिनी शांत बाई. लग्नाला वीस वर्षं झाली, माझ्यापुढं कधी आवाज चढवला नाही. पण त्या दिवशी भरलेल्या पिशवीवर फतकल मारून बसल्या.

"भाऊजी, आमी आज जात न्हाई."

"वहिनी, तुम्ही पण? रिपोर्ट बघा की!"

"रिपोर्ट मला वाचता येत न्हाई. हात मोडस्तवर ते म्हातारं बोलायचं थांबंना, ते मी बगितलं. उद्याचा दिस हितंच काढायचा. आन् ह्या तारा बी ऱ्हाऊ द्या."

सर वैतागले, पण एक दिवस वाढवून दिला. मी रागानं जेवलोही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत, नातेवाईक म्हणून गेलो. दादा मांडीवर ताटली घेऊन मुरमुऱ्यांची सुशीला खात होता आणि मला फाडत होता. "तू मानूस हाईस का कोन? बापाच्या वयाचा म्हातारा. मी बरा झालो की आधी पाथरीला जायचं, त्याचे पाय धरायचे, समजलं का सं—"

पुढचं अक्षर आलं नाही. ताटली खाली पडली. डोळे वर गेले. मॉनिटरवर रेघ पिसाळली. घड्याळ मी बघितलं नव्हतं, पण भेटायची वेळ नुकतीच सुरू झाली होती.

मी दादाच्या छातीवर चढलो. सगळा जोर देऊन दाबत होतो. तिसऱ्या-चौथ्या दाबाला तळहाताखाली एक बरगडी मोडली, मग दुसरी. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं, त्याची छाती मी मोडत होतो आणि थांबताही येत नव्हतं. जीभ दाताखाली सापडून तोंडातून रक्त येत होतं. वहिनी भिंतीवर डोकं आपटत होत्या, दोन सिस्टर त्यांना आवरत होत्या. "बाजूला व्हा!" — पहिला शॉक. दादाचं अंग पलंगावरून उडालं, धपकन पडलं. काही नाही. पुन्हा दाब. दुसरा शॉक. काही नाही. छातीवरची कातडी भाजल्याचा वास आला. मी शिव्या देत होतो, कुणाला ते माहीत नाही. तिसरा शॉक.

रेघ आडवी. आणि मग एक ठोका आला. मग दुसरा. मग ओळीनं.

शुद्धीवर येता येता दादानं हातपाय झाडले आणि मला पोटात अशी लाथ घातली की मी ट्रॉलीवर जाऊन पडलो. तिथंच पडून मी ढसाढसा रडलो.

घरी असता तर? वाटेत, जीपमध्ये असता तर? त्याचं उत्तर मला कुणी सांगायची गरज नाही. नंतर त्याला मोठ्या शहरात नेऊन छातीत मशीन बसवलं. लय बिघडली तर तेच आतून शॉक देतं. आज तो हळदीत उभा राहतो, मला शिव्या देतो, सगळं ठीक आहे.

मी सरांना विचारलं. त्यांनी आदल्या दिवसाची अख्खी पट्टी पुन्हा काढून बघितली, मीही बघितली. कुठं काही नव्हतं. पाचव्या-सहाव्या दिवशी असं होतं का? होतं कधी कधी. आदल्या दिवशी कळू शकतं का? सर म्हणाले, "मला कळलं असतं तर मी डिस्चार्ज लिहिला असता का रे?" म्हाताऱ्याला नाडीतून काही कळलं असेल का? त्यावर सर दुसऱ्या पेशंटकडं निघून गेले.

महिनाभरानं मी पाथरीला गेलो. तिथून जीपनं त्यांच्या गावी. दादानं नवं धोतर आणि टॉवेल दिला होता. वाटेत मी माफीचं वाक्य दहा वेळा जुळवलं. काका ओट्यावर बसले होते. प्लॅस्टर निघालं होतं, बोटं वाकडी जुळली होती, मिटत नव्हती. मला ओळखलं, म्हणाले, "ये बाबा, बस."

मी पाय धरले. वाक्य विसरलो. इकडंतिकडं बघून विचारलं, "आजी कुठं आहेत?"

"गेली की," ते म्हणाले. "हितं आल्यावर तिसऱ्या दिशी."

ते स्वतःच सांगत राहिले, साध्या आवाजात, कुणा शेजाऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

"रोज सकाळी हात म्होरं करायची. बगा म्हनायची. उजवा तर प्लास्टरात. मंग डाव्यानं बगायचो. पर डाव्याला काय कळतंय बाबा? बाजार सगळा उजव्यानंच केला. त्या दिशी बी बगितला. मी म्हनलो, बरी हाईस. तिला बी बरं वाटलं. भाकरी टाकते म्हनली. आमी किती नको म्हनलो, ऐकती कुटं... पीठ मळता मळताच आडवी झाली."

मी त्यांच्या वाकड्या हातावर डोकं ठेवून रडलो. मारा म्हणालो, दार आणा आणि माझा हात मोडा म्हणालो. खरंच म्हणालो. त्यांनी हात काढून घेतला नाही.

थोड्या वेळानं विचारलं, "भाऊ कसा हाय तुजा?"

"बरा आहे काका."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि डाव्या हातानं स्टोव्ह पेटवायला उठले.

म्हाताऱ्याला ते कसं कळायचं, हे मला आजही सांगता येत नाही. कमेंटमध्ये कुणी डॉक्टर असाल तर सांगा, मी ऐकेन. गयाबाईंना वेळेवर परत दवाखान्यात आणलं असतं तर त्या वाचल्या असत्या का, हेही कुणी छातीठोक सांगू शकत नाही. सर म्हणतात, स्वतःला खाऊ नकोस. पण ती चार बोटं मला दिसली होती, आणि दार मी ओढलं. त्यात अमानवीय काही नव्हतं. ते मीच केलं.